पाच मोजेपर्यंत

"उजवी गरम," ट्रकच्या पोटाखालून अण्णांचा आवाज आला. "म्हणजे डावी परतीची. डावी कापायची. खडू दे गं."

मी वाकून खडू दिला. दुसऱ्या हातावर ढमी होती, नुकती पेंगुळलेली. सात महिन्यांची ही बाई पाळण्याला जुमानत नाही, अंगाईला दाद देत नाही. पण ट्रकचं इंजिन घुरघुरायला लागलं की पाच मिनिटांत मान टाकते. आमचं घर वर आणि अण्णांचं गॅरेज खाली, त्यामुळे खाली इंजिन सुरू झालं की मी तिला घेऊन जिना उतरतेच. सासूबाई म्हणतात, "लोकांची पोरं आईबापाच्या वळणावर जातात. आमची गिअरबॉक्सच्या गेली."

अण्णा म्हणजे माझे सासरे. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. पान्हा आणि पक्कड यांतला फरक त्याला दहा वेळा सांगून झालाय, म्हणून अण्णांनी तो नाद कधीच सोडला. गॅरेजमध्ये ते एकटेच. ट्रकवाले मात्र लांबून लांबून येतात, ते त्यांच्या हातासाठी. अण्णांनी आयुष्यात तापमानाचं एकही यंत्र वापरलेलं नाही. तळवा ठेवायचा, मनात आकडे मोजायचे आणि सांगायचं. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर गिअरबॉक्स सुखी. तिनालाच काढावा लागला तर दुखणं आहे. ठेवताच आला नाही, तर मालकाला खुर्ची द्यायची आणि मग बोलायचं. ट्रकवाल्यांनी त्यांचं नाव पाडलंय 'मीटर'. 'मीटरनं काय सांगितलं?' असं एकमेकांना विचारतात, आणि मीटरनं सांगितलं की विषय संपतो.

आज समोर उभा होता तो मधवाल्या मावशींचा ट्रक. माझ्या लग्नाच्याही आधीचा, ऑटोमॅटिक गिअरचा, रंग कुठला होता हे मावशींनाच आठवत असेल. मावशींच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. खालच्या मैदानात फुलं संपली की त्या सगळ्या पेट्या ट्रकवर चढवून डोंगरापलीकडच्या पठारावर न्यायच्या. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की पेट्यांची दारं जाळीनं बंद करायची, उजाडता निघायचं, आणि ऊन चढायच्या आत पलीकडे पोचून दारं उघडायची. बंद पेटीत माशी उकडून मरते, आतलं मेण वितळतं.

गेल्या वर्षी तेच झालं होतं. अर्ध्या चढावर गिअरबॉक्सचं तेल इतकं तापलं की इंजिन ओरडत राहिलं आणि ट्रक पुढे सरेना. तीन तास मावशी भर उन्हात उभ्या होत्या. एकावन्नातल्या अकरा पेट्या गेल्या.

"यंदा पुन्हा तसं झालं ना, अण्णा," आल्या आल्याच त्यांनी सांगितलं होतं, "तर उरलेल्या पेट्या मी देऊन टाकणार. माझ्याच्यानं ते पुन्हा बघवणार नाही." त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्या नेहमी मोठ्यानं बोलतात. हे वाक्य त्यांनी हळू बोलायचं ठरवलं होतं बहुतेक, तरी गल्लीभर ऐकू गेलं.

अण्णा म्हणाले होते, "जास्तीचा कूलर बसवतो. चढेल."

"हात लावून सांगा."

"हात लावूनच सांगतोय."

तो कूलर आता माझ्या शेजारी स्टुलावर होता. पाटीएवढी चपटी जाळी, दोन बाजूंना दोन तोंडं. तो रेडिएटरच्या पुढे बसवायला लोखंडी पट्ट्या लागतात. त्या दोन दिवस आधीच तयार झाल्या होत्या, आणि सासूबाईंच्या जुन्या पलंगाला तेव्हापासून पाठ नव्हती. "झोपेतून उठवून माझा पलंग कापला नाही, एवढे उपकार," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

ढमी झोपली. मी तिला टायरवर अंथरलेल्या दुपट्यावर ठेवलं आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला जाऊन बसले. मला हे काम बघायला आवडतं. दिवसभर मी जे करते ते तासाभरात पुन्हा करावं लागतं. लंगोट, बाटल्या, भांडी. अण्णांचं काम एकदा झालं की होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "मला पण दाखवा ना, कशी ओळखायची ते."

ते फळीवरून सरकत बाहेर आले. चेहऱ्यावर काळे फराटे, आणि खूश. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी असं विचारलं नसावं.

"हे बघ. गिअरबॉक्सचं तेल कामानं तापतं. तापलेलं एका नळीनं रेडिएटरकडे जातं, तिथं निवतं, दुसरीनं परत घरी येतं. आपला कूलर परतीच्या नळीवर बसवायचा. म्हणजे निवलेलं आणखी निवून जाईल. चुकून जाणारीवर बसवलास, तर आधी इथं निवणार आणि मग चढावर उकळत असलेल्या रेडिएटरमधून जाणार. आंघोळ करून चुलीपुढं बसल्यासारखं. आणि सपाट रस्त्यावर हे कळतसुद्धा नाही. चढावरच कळतं."

"मग ओळखायचं कसं?"

"काही लोक नळी उघडतात, खाली डबा धरतात आणि तेल कुठनं येतं ते बघतात." डबा हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्या लोकांची कीवच यावी. "डबावाले सगळे. अगं, हात कशाला दिलाय? दोन्हींवर ठेव. जास्त गरम ती जाणारी."

मी हात घातला. खडूची खूण असलेल्या डाव्या नळीला बोटं लागली आणि मी ती झटकन मागे घेतली. मग उजवी. ती गरम होती, पण धरवत होती. मी मनगटाची आतली बाजू लावून पुन्हा बघितलं, रोज दूध बघते तसं. डावी. उजवी. पुन्हा डावी.

मग मला चहाचा ग्लास आठवला. परवा सासूबाईंनी उकळता चहा काचेच्या ग्लासात दिला होता. मी तो पदरानं धरून पुढे केला, आणि अण्णा तो उघड्या मुठीत घेऊन शांतपणे बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटावर फोड होता. "पान्हा लागला," म्हणाले. आणि ढमीच्या आंघोळीचं पाणी. पहिले काही दिवस रोज तेच बघायचे, बादलीत हात घालून, मोठ्या तोऱ्यात. मग एक दिवस म्हणाले, "तूच बघ, माझे हात ग्रीसचे आहेत." तेव्हापासून त्यांचे हात रोजच ग्रीसचे असत. सकाळी सातलासुद्धा. दुधाची बाटली पुढे केली तरी तेच.

"कळलं ना?" अण्णा कटर उचलत म्हणाले. "उजवी."

बाहेर मावशी बाकावर बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं नसतं, तरी माझा आवाज आपोआप खाली आला.

"अण्णा, डावी गरम आहे."

"तू त्या बाजूनं बघतेयस. तुझी डावी ती माझी उजवी."

"खडू लावलेली, अण्णा. तीच भाजतेय."

ते हसले. मग हसू गेलं. "एकतीस वर्षं झाली मला या कामात. तू दूध तापवतेस पोरी, मी गिअरबॉक्स बघतो. फरक असतो."

"असेल. मी आपलं एकदा सांगितलं."

खरं तर मी उठणार होते. सासऱ्यांशी वाद घालणारी सून मी नाही, आणि गिअरबॉक्समधलं मला काडीचं कळत नाही. पण बाहेर मावशी बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसावं तशा. मी उठले नाही.

अण्णांनी रागानंच हात पुढे केला आणि खडू लावलेली नळी मुठीत धरली. मला दाखवायला म्हणून आकडे मोठ्यानं मोजू लागले. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मुठीच्या कडेला कातडी लाल होत चालली होती.

"सोडा अण्णा. भाजतंय."

त्यांनी हात सोडला, उलटा करून बघितला. तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता. ते त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात कुणीतरी त्यांच्या मांडीवर आणून ठेवला होता.

मी नळाखाली फडकं भिजवून आणलं आणि त्यांच्या तळव्यावर ठेवलं. थंड लागलं का, हे विचारणार होते. विचारलं नाही.

"कधीपासून?"

"ही झाली त्याच्याही आधी," ढमीकडे मान करून ते म्हणाले. "पहिल्यांदा बोटांची टोकं. वाटलं, वयानं होत असेल. डावा अजून थोडा बरा आहे." इंजिन चालू होतं, ढमी झोपली होती. "मीटर म्हणतात गं मला."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा मला संकोच वाटला.

"अण्णाऽऽ!" बाहेरून मावशींची हाक आली. "झालं का हो? की जेवणाचा डबा मागवू?"

अण्णांनी मान वर केली. डोळे मिटून एकदा श्वास घेतला. मग मला म्हणाले, "डबा आण."

"कसला?"

"कसलाही. डबावाल्यांचा." आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

मी वर पळाले. ढमीच्या दुधाच्या पावडरचा डबा तळाला आला होता. उरलेली पावडर वाटीत ओतली. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आता माझं काय कापायचंय?" मी म्हटलं, "तुमचं नाही, तुमच्या नातीचं."

अण्णांनी इंजिन बंद करून डावी नळी रेडिएटरपासून सोडवली होती. "चढ वर," ते मला म्हणाले. "किल्ली फिरव, तीन मोज, बंद कर. नळीतनं तेल आलं तर ती जाणारी. रेडिएटरमधनं आलं तर परतीची."

मी ट्रकच्या ड्रायव्हरच्या जागेवर पहिल्यांदाच बसत होते. स्टिअरिंग परातीएवढं. किल्ली फिरवली तशी सगळी केबिन थरथरली. एक, दोन, तीन. बंद.

मी उतरून वाकून बघितलं. नळीच्या तोंडाखाली धरलेल्या डब्यात लालसर तेल होतं, आणि डब्यावरच्या हसऱ्या बाळाच्या गालावरून एक ओघळ उतरत होता. रेडिएटरचं तोंड कोरडं होतं.

"डावी जाणारी," अण्णा म्हणाले. "उजवी कापू."

खडूची खूण त्यांनी अंगठ्यानं पुसली आणि नवी खूण करायला खडू माझ्या हातात दिला.

पुढचे दोन तास मला पाठ आहेत. उजवी नळी कापली, कडा कानसेनं गुळगुळीत केल्या. तेलाची जाड रबरी नळी चढवली. "पाण्याची चालत नाही, तेलानं फुगते," हे मला सांगून झालं. प्रत्येक सांध्याला दोन क्लॅम्प. कूलर पलंगाच्या पट्ट्यांवर बसला, प्रत्येक बोल्टाखाली रबरी वॉशर, म्हणजे हादऱ्यानं घासणार नाही. तोंडं वरच्या बाजूला, म्हणजे आत हवा अडकत नाही. अण्णांचे हात झरझर चालत होते. गरम-थंड त्यांना कळत नव्हतं, पण किती आवळायचं आणि कुठे थांबायचं हे त्या हातांना अजून पक्कं ठाऊक होतं. बारीक काही धरायचं असलं की ते म्हणायचे, "हात लाव," आणि मी लावायचे.

मध्ये ढमी उठली. मी तिथेच पाठ फिरवून तिला पाजलं, आणि अण्णा तोवर ट्रकखाली जाऊन उगाचच ठोकत बसले.

तेल पुन्हा भरून, कुठे गळत नाही हे बघून झालं, तेव्हा मावशी आत आल्या. "हात लावून सांगा, चढेल ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "उद्या मी बरोबर येतो," ते मावशींना ओरडून म्हणाले. "आणि ही पण येईल."

"ही कशाला?"

"लागेल."

घरात यावरून सभा भरली. ढमीला सोडून मी सात महिन्यांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. नवरा म्हणाला, "मी सुट्टी घेतो, जा तू." सासूबाई म्हणाल्या, "पोरीला मी बघेन. पोर मी पण वाढवलंय. भूगोलाचं निघालं, पण वाढवलं."

उजाडता निघालो. मावशी गाडीवर, मध्ये मी, कडेला अण्णा. मागे चाळीस पेट्या दोरांनी बांधलेल्या, आणि त्यांचा एकच सलग आवाज. ढमी असती तर लगेच झोपली असती, हे मनात आलं आणि छाती भरून आली. ते मी त्या दोघांना सांगायला गेले नाही.

चढ लागला. एक वळण, दुसरं, तिसरं. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. पूर्वी म्हणे ते चढावर पायाखालच्या पत्र्यावर हात टेकवून बसायचे आणि गिअरबॉक्सचं कसं चाललंय ते सांगायचे. आता ते कान देऊन होते.

"ते बघा," मावशी म्हणाल्या. पुढच्या वळणावर कठड्याचे दोन दगड पडलेले होते. "गेल्या वर्षी इथंच."

ट्रक वळणात शिरला. इंजिनाचा सूर जड झाला, आणखी जड झाला. मावशींचे ओठ आवळलेले. मी सीटची कड धरली होती. मग गिअर खाली पडल्याचा एक हलका धक्का बसला, आणि ट्रक दगडांच्या शेजारून, सावकाश, म्हाताऱ्या हत्तीसारखा पुढे गेला.

मावशींनी हॉर्न दाबला तो पुढचं वळण येईपर्यंत सोडला नाही. समोर कुणी नव्हतं. त्यांना तो ऐकू कितपत आला, देव जाणे. आम्हाला आला.

माथ्यावर ट्रक थांबला. अण्णा उतरले, मला हात देऊन उतरवलं, आणि पुढची जाळी वर उचलून बाजूला उभे राहिले. "लाव."

मी कूलरकडून परत जाणाऱ्या नळीवर हात ठेवला. "एक. दोन. तीन." अण्णांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "चार. पाच." मी थांबले नाही. "सहा. सात. आठ. नऊ." नऊला काढला.

"पाच पुरेत," अण्णा म्हणाले आणि जाळी खाली केली.

मावशी बघत होत्या. "सून कशी काय मोजतेय? मीटर बिघडलं की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसायला लागल्या.

अण्णांनी एकदा माझ्याकडे, एकदा खाली दरीकडे बघितलं. मग मावशींच्या जवळ गेले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बिघडलं. हातांना गरम-थंड कळत नाही आता. काल मी चुकलो होतो. हिनं सांगितलं म्हणून तुम्ही इथं आहात."

एवढ्या मोठ्यानं त्या माथ्यावर कदाचित कुणीच कधी काही कबूल केलं नसेल. मावशींचं हसू थांबलं. त्या ट्रकच्या मागे गेल्या, खालच्या रांगेतल्या एका पेटीला वाकून गाल टेकवला, डोळे मिटले. मग पुढची पेटी. मग त्यापुढची.

"कान गेले त्याला दहा वर्षं झाली," त्या परत येत म्हणाल्या. "माश्या रागावल्यात का, उकडतंय का त्यांना, आधी आवाजावरनं कळायचं. आता गालाला कळतं." त्यांनी साडीनं गाल पुसला. "बऱ्या आहेत सगळ्या. चला, उतार सोपा आहे."

पठारावर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. चाळीस दारं उघडली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग एकेका फटीतून एकेक माशी बाहेर आली, फिरून घराकडे तोंड करून उभी राहिली, आणि उडाली. मावशी मोजत होत्या. चाळीसच्या चाळीस पेट्यांतून माश्या बाहेर पडल्या, तेव्हा त्या गवतात फतकल मारून बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "जा आता तुम्ही. मला जरा रडू द्या."

रिकाम्या ट्रकनं पठारावर राहणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं आम्हाला घरी सोडलं. जिन्याखालूनच ढमीचा आवाज ऐकू आला.

"इंजिन घेऊन गेलात, आणि हिनं इकडं भोंगा लावला," सासूबाई दारातच म्हणाल्या. त्यांचे केस विस्कटलेले होते आणि पदरावर दूध सांडलं होतं. त्यांनी बाटली माझ्यापुढे केली. "बघ गं, निवलंय का. मला घाईत काही कळेना."

मी हात पुढे केले आणि थांबले. ट्रकमधून उतरल्यावर शेवटचा क्लॅम्प तपासला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

"माझे हात ग्रीसचे आहेत," मी म्हटलं. आणि मग अण्णांकडे बघायचं धाडस झालं नाही.

मग अण्णांनी सासूबाईंच्या हातातून बाटली घेतली. दाढी वाढलेल्या गालाला ती टेकवली आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. रडता रडता ढमी त्यांच्याकडे बघायला लागली, आणि बघता बघता गप्प झाली.

"निवलंय," अण्णा म्हणाले.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं. गालावर बाटलीची ओली गोल खूण उमटली होती. ती त्यांनी पुसली नाही.